जयपूरची बैठक

घरबसल्या पडद्यावर बोलणे शक्य असता देशोदेशीच्या प्रतिनिधींनी एकत्र का जमावे? १७२७ साली जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाने समरकंदची व युरोपातील ज्योतिषकोष्टके प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहिली होती. त्याच नगरीत ऑगस्ट २०२३ मध्ये जी-२० राष्ट्रांचा व्यापार व गुंतवणूक कार्यगट भरला. पाठोपाठ २४ व २५ तारखेस मंत्री जमले. कार्यगटाने मसुद्यातील शब्द पारखावेत, मंत्र्यांनी संमती द्यावी, अशी ही रीत. व्यापारी कागदपत्रे डिजिटल करण्याची तत्त्वे मान्य झाली. युक्रेन-युद्धावरील परिच्छेदास मात्र रशियाचा विरोध राहिला. यजमान भारताने मतभेद अध्यक्षीय सारांशात नोंदविला आणि उरलेली संमती राखली. अशी वाट समोरासमोर बसल्यानेच सुकर होते.