दुनळीची उलटतपासणी

जुन्या दुनळी बंदुकीवर सगळ्यांत डौलदार अक्षरांत जे नाव कोरलेलं असतं, ते पुष्कळदा ती बनवणाऱ्याचं नसतंच. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘आर. बी. रॉडा अँड कंपनी, कलकत्ता’ किंवा ‘आर्मी अँड नेव्ही’ असं झोकात लिहिलेलं असतं, घरची मंडळी ते अभिमानाने वाचून दाखवतात आणि बंदुकीचा जन्म मात्र इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या एखाद्या कळकट बोळात झालेला असतो. वरचं नाव दुकानाचं. बंदुकीची खरी हकिगत नळ्यांच्या पोटाखाली, लाकडाआड, भिंगाशिवाय नीट न दिसणाऱ्या ठशांमध्ये दडलेली असते.

तिथवर पोचायला अवजार लागत नाही, सावधपणा लागतो. दुनळी आधी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करायची. ठासणीची बंदूक असेल तर आणखी जपायचं. अशा बंदुका पन्नास-शंभर वर्षांनीही बार भरलेल्या स्थितीत सापडलेल्या आहेत. ठासणीचा गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. खूण तोंडाशी ठेवून गजाचं टोक नळीच्या मागच्या टोकाजवळ पोचलं नाही, तर आत काहीतरी आहे. काडतुशी दुनळीत एवढा प्रपंच नसतो. नळ्यांखालचा लाकडी भाग, ज्याला बंदूकवाले फोर-एंड म्हणतात, तो काढला आणि वरची कळ दाबली की नळ्यांची जोडी सुटून हातात येते. ती उलटी करायची.

मागच्या टोकाशी, जिथे काडतूस बसतं त्याच्या खाली, दोन सपाट पट्ट्या दिसतात. तिथे मुकुट असतात, एकमेकांना छेदणारे राजदंड असतात, अक्षरं आणि आकडे असतात. हे ठसे विकणाऱ्याने मारलेले नाहीत आणि बनवणाऱ्यानेही नाहीत. ते प्रूफ हाउसचे, म्हणजे सरकारमान्य परीक्षागृहाचे आहेत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली. बर्मिंगहॅमला १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने स्वतःचं परीक्षागृह मिळालं. दोन्ही आजही चालू आहेत. परीक्षेची रीत फार जुनी आणि रोखठोक आहे. नळीत नेहमीपेक्षा बराच जास्त बार भरायचा, माणसाने आडोशाला राहायचं आणि तो उडवायचा. नळी फुटली किंवा फुगली तर तिचा प्रवास तिथेच संपला. टिकली तर ठसा. म्हणजे या सपाट पट्टीवरचे मुकुट ही एका जाणूनबुजून केलेल्या स्फोटातून वाचल्याची पावती आहे.

पावती म्हटली की तारीख आली, आणि इथेच कोणीही उत्सुक माणूस गुंतून पडतो. मुकुटाखाली तिरपे राजदंड आणि त्यांच्या कोनांत बीपीसी ही अक्षरं असली, तर नळ्या बर्मिंगहॅममध्ये १८१३ ते १९०४ या काळात तपासल्या गेल्या. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशा अक्षरांच्या जोड्या असल्या तर १९०४ नंतर. चौकटीच्या आकाराच्या खुणेत १२ चा आकडा आणि सी हे अक्षर असेल, तर १८८७ च्या नियमांच्या पुढची. ‘नॉट फॉर बॉल’ असा छाप मिळाला तर चंगळच, कारण तो १८७५ ते १८८७ एवढ्या बारा वर्षांतच मारला जाई. त्या सुमारास नळीचं तोंड किंचित आवळून छर्रे दूरवर एकत्र ठेवण्याची युक्ती, म्हणजे चोक, लोकप्रिय झाली होती. अशा आवळलेल्या तोंडातून नळीभर मापाची अख्खी गोळी मारली तर अनर्थ होईल, म्हणून ती ताकीद. १८८७ पासून तिच्या जागी नुसतं ‘चोक’ आलं. १९२१ पासून बर्मिंगहॅमवाले काही वर्षं एका अक्षराने साल सुचवणारा ठसाही मारू लागले.

ठशांवरून देशही कळतो. अंडाकृतीत ईएलजी ही तीन अक्षरं दिसली, तर नळ्या बेल्जियमच्या लिएजमध्ये तपासलेल्या आहेत, वर कितीही इंग्रजी नाव असो. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित इंग्रज घराण्याची आठवण व्हावी म्हणून ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असं नाव घातलेल्या स्वस्त बेल्जियन बंदुका अमेरिकेत भरपूर खपल्या. पट्टीवरचं नाव ग्राहकाला भुलवू शकलं. पोटावरच्या अंडाकृतीला ते जमलं नाही.

आता एक कोडं. बंदूक बारा बोअरची, काडतूसही बारा बोअरचं आणि पोटावर मात्र १३ चा ठसा. चूक झाली का? नाही. बोअरचा आकडा म्हणजे नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड वजन होतं, तो. त्यामुळे आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर व्यासाची, तेरा बोअरची सुमारे १८. कारागीर पुष्कळदा काडतुसाचं घर बाराचं ठेवत आणि पुढची नळी थोडी अरुंद, तेराची. परीक्षागृह मागच्या टोकापासून नऊ इंचांवर नळी मापून तो आकडा मारत असे.

ही एवढीशी नोंद शंभर वर्षांनी अमूल्य ठरते. आज त्याच नऊ इंचांवर मापक घातला आणि नळी १८.५ मिलिमीटर भरली, तर ठशाच्या दिवसानंतर आतला व्यास जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने वाढला आणि तेवढं पोलाद कुठेतरी गेलं. कुठे? पावसाळ्यात न पुसता ठेवल्याने गंज चढला, गंजाने खड्डे पाडले, कोणीतरी नळी आतून घासून पुन्हा लख्ख केली, आणि हे कदाचित एकापेक्षा जास्त वेळा झालं. चकचकीत आरसा दिसणारी नळी म्हणून उत्तम नळी असं समजू नये, ते यासाठी. ठसा सांगतो ती काय होती, मापक सांगतो ती काय आहे, आणि दोहोंतल्या वजाबाकीत तिचं सगळं आयुष्य येतं. चोकचंही तसंच. पोटावर ‘चोक’ लिहिलेलं आणि तोंड मात्र सरळ, तर मध्ये कोणीतरी ते कापलं किंवा मोठं केलं.

ठसे पुसट असतील तर यंत्रणा बोलते. कोणतीही सोय तिच्या शोधाआधीच्या बंदुकीत मुळातून असू शकत नाही, एवढा साधा नियम धरून चालायचं. काडतुसाच्या बुडाजवळ बाजूला पिन आणि तिच्यासाठी नळीच्या काठाला छोटी खाच, हा फ्रान्सच्या काझिमिर लफोशोचा १८३० च्या दशकातला मार्ग. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात तो इंग्रज कारागिरांनी पाहिला आणि मागून काडतूस भरायच्या बंदुकीचं वेड तिकडे पसरलं. बाहेर दिसणारे दोन घोडे बार उडाल्यावर आपोआप थोडे मागे सरकून थांबत असतील, तर ती करामत १८६७ मधली, जॉन स्टँटनची. घोडे दिसतच नसतील आणि नळ्या मोडताना आतल्या आत चढत असतील, तर बहुधा ती अँसन आणि डीली यांची पद्धत. वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या या दोघांनी १८७५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजही जगातल्या असंख्य दुनळ्या त्याच तत्त्वावर चालतात. दुकानाचा पत्ताही साल सांगतो. पर्डी घराण्याचं दुकान १८२६ पासून ऑक्सफर्ड स्ट्रीटवर होतं आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ ऑडली स्ट्रीटला गेलं. पट्टीवर यातला कोणता रस्ता कोरला आहे, त्यावरून अर्धं काम होतं.

मग बनवली कोणी? याचं उत्तर एका नावात मावत नाही. बर्मिंगहॅमच्या सेंट चॅड कॅथीड्रलभोवतीच्या बंदूक मोहल्ल्यात एक माणूस फक्त नळ्यांना भोक पाडी, दुसरा फक्त चापाची यंत्रणा कानशीने घासून बसवी, तिसरा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरी, चौथा नक्षी काढी. अर्धवट बंदूक पोरांच्या हाती या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरे. चापाच्या उत्तम यंत्रणा तर वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोसेफ ब्रेझियरकडून येत आणि लंडनची बडी घराणीही त्या आपल्या नावाखाली वापरत. नळ्यांच्या पोटावर परीक्षेच्या ठशांशेजारी जी एकदोन फुटकळ अक्षरं दिसतात, ती पुष्कळदा या कामगारांची आद्याक्षरं. ग्राहकाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी त्यांनी केलेली ती सही आहे.

या कारागिरीची कमाल पाहायची तर दमास्कस नळी पाहावी. तिच्यावर लाटांसारखी, वेटोळ्यांची तपकिरी नक्षी असते. ती वरून काढलेली नसते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून तापवून एकजीव करायच्या, त्या कांबीला पीळ द्यायचा, असे दोनतीन पीळ शेजारी ठेवून उलटसुलट दिशेने पुन्हा जोडायचे, त्याची लांब पट्टी करायची आणि ती पट्टी सळईभोवती गुंडाळत, लालभडक तापवत, ऐरणीवर ठोकत तिची सलग नळी करायची. मग आतून पोखरायची, बाहेरून घासायची. शेवटी तिच्यावर मुद्दाम, मोजूनमापून गंज चढवायचा. लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात आणि आतापर्यंत अदृश्य असलेला सगळा पीळ वर येतो. म्हणजे दिसते ती नक्षी ही त्या नळीच्या घडणीचाच आलेख असते. लिएजजवळच्या व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यात गावंच्या गावं हे काम करत. म्हणूनच नकलाही झाल्या. साध्या पोलादावर रसायनाने वरवर उठवलेली खोटी नक्षीही बाजारात आली. लाकडाआडच्या, एरवी झाकलेल्या भागात ती अनेकदा अर्धवट सोडलेली सापडते.

आता प्रकृती. जुने बंदूकवाले नळ्यांची जोडी खालच्या हुकात बोट घालून अधांतरी धरतात आणि बोटाच्या पेराने टिचकी मारतात. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला, तर नळ्या आणि पट्ट्या यांचा झाळलेला सांधा शाबूत आहे. बद्द आवाज किंवा भुणभुण आली, तर कुठेतरी पट्टी सुटली आहे आणि आत ओल शिरून लपून गंजवते आहे. मग नळी उजेडाकडे धरून आतून पाहायची. खिडकीच्या चौकटीची कड आत सावलीची रेघ पाडते. नळी हळूहळू फिरवताना ती रेघ सलग राहिली तर नळी सरळ. रेघ मोडली तर तिथे पोचा, बाक किंवा फुगवटा आहे. नळ्या सरळ करणारे कामगार याच सावलीवर भरवसा ठेवून हातोडीने नळीला केसभर बाक देत.

फोर-एंड काढून, बंद केलेली दुनळी हलकेच हलवून पाहतात. नळ्या आणि मागची भिंत यांच्यात खुळखुळ जाणवली किंवा मिटलेल्या सांध्यातून उजेड दिसला, तर बिजागरी झिजली आहे. सर्वांत महत्त्वाची मात्र नळीची जाडी. बाहेरून ती दिसत नाही, खास मापकच लागतो. मागे ती भक्कम असते, पुढच्या भागात अगदी पातळ होत जाते. इंचाच्या वीस सहस्रांशांपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, कमी उरलेल्या नळीला जाणकार हात जोडतात.

आणि एक सापळा. जुन्या बारा बोअरचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंचांचं, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं प्रचलित काडतूस ७० मिलिमीटरचं. गंमत अशी की ते जुन्या घरात सुरेख बसतं, कारण ७० हे माप उडल्यानंतर उघडलेल्या काडतुसाचं आहे. बार उडताना त्याचं तोंड पुढे उघडतं, निमुळत्या वाटेत अडकतं आणि आतला दाब वाढतो. बसलं म्हणजे चालेल, हा तर्क इथे जिवावर बेतू शकतो. त्यात जुनी नळी फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली असेल आणि काडतूस आजच्या धूररहित दारूचं असेल, तर प्रश्नच मिटला. उडवून पाहणं ही तपासणीची पायरी नव्हे.

भारतात या शोधाला आणखी एक धागा आहे. आर्मी अँड नेव्ही सोसायटीने १८९१ मध्ये मुंबईत दुकान उघडलं. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही उभी आहे. तिथे विकल्या गेलेल्या कितीतरी दुनळ्या बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याच्या. पुढे ही कंपनी हाउस ऑफ फ्रेझरने घेतली आणि तिच्या जुन्या बंदूक-नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात पोचल्या. म्हणजे फोर्टात घेतलेल्या बंदुकीचा क्रमांक स्कॉटलंडमध्ये शोधावा लागतो. कलकत्त्याच्या रॉडाचं नाव तर आपल्या इतिहासातच आहे. २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली, ती याच कंपनीच्या मालातून.

घरात अशी दुनळी असेल तर दोन गोष्टी आधी. पहिली कायद्याची. वारशाने आलेल्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. परवान्याचा प्रश्न असेल तर पोलीस ठाणं किंवा परवानाधारक विक्रेता, शोध त्यानंतर. दुसरी म्हणजे पॉलिश करायचं नाही. हौसेने चकचकीत केलेल्या नळीवरून दमास्कसची नक्षी जाते, ठशांच्या कडा जातात, आद्याक्षरं जातात. नळ्यांच्या पोटाचे तिरप्या उजेडात फोटो काढावेत, प्रत्येक आकडा जसा दिसतो तसा उतरवावा, नऊ इंचांवरचं माप घ्यावं आणि मगच कोणाला तरी बंदूक दाखवावी. ती महागाची निघेलच असं नाही. पण कुठे परीक्षा दिली, कोणत्या सालाच्या आसपास, कोणाकोणाच्या हातून गेली आणि त्यानंतर तिची किती झीज झाली, हे तिच्या मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल.