अन्ननलिकेचा कर्करोग : दुर्बीण आणि उजेड



तोडणीपूर्वी शेती खात्याची माणसे उसाच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून उजेडाकडे धरतात व ब्रिक्स सांगतात. नुसत्या डोळ्यांना न कळणारी गोडी उजेड सांगतो. अन्ननलिकेतील कर्करोगाची पूर्वचिन्हेही आता अशीच उजेडाने शोधता येतात.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंतची सुमारे २५ सेंटिमीटरची लवचिक नळी. आत गाठ वाढू लागली तरी घास बराच काळ उतरत राहतो. भाकरी अडकू लागते तोवर रोग पुष्कळदा पुढे गेलेला असतो. हुमणीचे तसेच; वर पाला हिरवा, खाली मुळे खाल्लेली. तंबाखू, विडी व दारू ही याची मोठी कारणे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे मायबहिणींनी ध्यानात घ्यावे.

कर्करोगाआधी आतल्या अस्तराच्या पेशी बिघडतात. दुर्बिणीच्या साध्या पांढऱ्या उजेडात ती जागा नजरेतून निसटू शकते. त्यावर दोन उपाय आहेत.

पहिला आयोडीनचा. ल्युगोल या फ्रेंच डॉक्टरांनी १८२९ साली केलेले द्रावण अस्तरावर फवारतात. निरोगी पेशींतील ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच साठा, त्याने तपकिरी होतो. बिघडलेल्या पेशींत हा साठा कमी, म्हणून ती जागा फिकी राहते. आयोडीन सोसत नसेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

दुसरा उपाय जपानमध्ये विकसित झालेला 'नॅरो बँड इमेजिंग'. बटण दाबले की फक्त निळा (४१५ नॅनोमीटर) व हिरवा (५४० नॅनोमीटर) प्रकाश पडतो. रक्त हा प्रकाश शोषते, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. बिघडलेल्या जागी त्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या असतात व तिथे तपकिरी डाग दिसतो. यात काही फवारावे लागत नाही.

मात्र उजेड फक्त जागा दाखवतो. निदान तुकडा तपासूनच होते. बिघाड अगदी वरच्या थरात असेल तर छाती न उघडता दुर्बिणीतूनच तेवढा भाग काढता येतो. लवकर जाण्याचा खरा फायदा हाच.

तेव्हा घास अडकतो, वजन उतरतंय, तर पित्त म्हणून दुखणं अंगावर काढू नका. पाटण खोऱ्यातून कराड काही लांब नाही. तिथे दुर्बिणीची तपासणी होते. ज्यांना पूर्वी तोंडाचा वा घशाचा कर्करोग झाला आहे, त्यांनी त्रास नसला तरी या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. आणि तंबाखूची पुडी आजच टाकावी. त्याला कुठलीच दुर्बीण लागत नाही.