मिकासाचा अचूक नेम

२७ मे १९०५. त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी युद्धनौका ‘मिकासा’ने रशियन आरमारावर मारा सुरू केला तेव्हा अंतर होते सुमारे ६,४०० मीटर. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या प्रयोगशाळेची एक भुजा ४ किलोमीटरची असेल. माऱ्याचे अंतर तिच्या दीडपटीहून जास्त. इतक्या लांबून, दोन्ही जहाजे धावत असताना, नेम धरायचा कसा?

उत्तर होते ‘बार अँड स्ट्राउड’ या स्कॉटिश कंपनीच्या अंतरमापकात. सुमारे १.४ मीटर लांबीची आडवी नळी. तिच्या दोन टोकांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकाच डोळ्यापुढे आणायच्या आणि त्या तंतोतंत जुळेपर्यंत फिरकी फिरवायची. किती फिरवावी लागली, यावरून अंतर कळते. शाळेतल्या भूमितीतला त्रिकोणच हा, पण विलक्षण निमुळता: ६,४०० मीटरवर त्याचा शिरोकोन एका अंशाचा जेमतेम ऐंशीवा भाग! शिवाय अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते. मिकासाच्या चार १२ इंची तोफांपेक्षा मला जास्त कौतुक वाटते ते हलत्या डेकवर ही नळी डोळ्याला लावून उभ्या असलेल्या खलाशाचे.

सुमारे १५,००० टनांची मिकासा इंग्लंडमध्ये व्हिकर्स कंपनीने बांधली होती. रशियनांची बहुतेक मोठी जहाजे मात्र युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून आली. ब्रिटिश हिंदुस्थानची बंदरे त्यांना बंद होती, म्हणून हिंदी महासागरात कोळसा भरसमुद्रातच चढवावा लागला. लढाईच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आरमार मोडून पडले. मिकासा आजही योकोसुकात संग्रहालय म्हणून जपलेली आहे.