भाषक आणि भाषिक

बेळगाव-निपाणी भागातील पत्रकांत ‘मराठी भाषिकांचा मेळावा’ असे मी नेहमी वाचतो. बोलणारा तो ‘भाषक’. ‘भाषिक’ हे विशेषण, अर्थ भाषेसंबंधीचा. म्हणजे माणसे मराठीभाषक, त्यांचा प्रश्न भाषिक. इंग्रजी ‘लिंग्विस्टिक’ हे भाषिक आणि भाषावैज्ञानिक या दोन्ही अर्थांनी येते. नेमका अर्थ संदर्भावरून ठरतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगतो. तिथे ‘भाषिक’च हवे, कारण अल्पसंख्याकपण भाषेमुळे आले आहे. रूढीने माणसांनाही ‘भाषिक’ म्हणतात, त्याला हरकत नाही. मराठीतून कागदपत्रे मागणाऱ्या अर्जात मात्र मी लिहितो : ‘आम्ही मराठीभाषक, म्हणून येथे भाषिक अल्पसंख्याक.’