असईचे शिपाई

भाचीच्या बाळंतपणासाठी लंडनला गेले होते. तिथे संपादकांचा निरोप आला: "हॅरोत एक मराठी इंजिनिअर राहतात. त्यांच्या घरी असईची लढाई मांडलेली आहे. बघून ये."

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने गाठलं. शाळेत हे चार ओळींत उरकतं. त्या इंजिनिअर काकांच्या मागच्या खोलीत ते छोट्या प्लॅस्टिकच्या सैनिकांनिशी दोन टेबलांवर पसरलं होतं.

एअरफिक्स ही १९३९ साली निघालेली इंग्रजी कंपनी. १९५९पासून तिने डबीतून छोटे प्लॅस्टिकचे सैनिक विकायला सुरुवात केली. एकेक सैनिक जेमतेम इंचभर. वॉटर्लूचे इंग्रज मिळत, फ्रेंच मिळत, प्रशियन मिळत. असईला वेलस्लीच्या पायदळात बहुसंख्य होते ते मद्रासचे देशी शिपाई, पण ते कुठल्याच डबीत नव्हते. सत्तरच्या दशकात इंग्लंडात आलेल्या काकांनी ठरवलं, आपणच घडवायचे.

त्यांनी वॉटर्लूचा एक इंग्रज शिपाई चिमट्यात धरला. "याचं काय काय बदलायचं, सांग बघू." अंगातला लाल डगला चालणार होता, बंदूकही. उंच टोपी मात्र ब्लेडने उडवायची आणि तिच्या जागी मिलिपुट नावाच्या लांबीची, पगडीच्या घाटाची टोपी बसवायची. खरं काम पायांचं. शिपायांच्या अंगात मांडीपर्यंतची पांढरी चड्डी असे, तिला जांगिया म्हणत. म्हणून मांडीखालची सगळी विजार तासायची, आतून पोटरी काढायची आणि बुटांच्या चपला करायच्या.

तासायचं म्हणणं सोपं आहे. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिथिन. विमानांची मॉडेलं पॉलिस्टायरिनची असतात. ते पॉलिश पेपरने घासता येतं आणि गोंदाने विरघळून एकजीव होतं. पॉलिथिन घासलं की केसाळ होतं. कापसाच्या बोंडासारखे तंतू निघतात, ते तापवलेल्या पात्याने निपटून काढावे लागतात. पातं जरा जास्त तापलं की पोटरीच वितळते. मुंडकं बदलायचं तर गोंद टिकत नाही. गरम टाचणी मानेतून धडात उतरवायची, निवली की ती पकडते. मी बघत होते त्या तासाभरात काकांनी एकच पाय केला. मान वर केली नाही, चहा निवून गेला. हातांना थोडा कंप होता, पण पातं प्लॅस्टिकला टेकलं की थांबायचा. माणूस इतक्या मायेने कशावर तरी वाकलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती," ते म्हणाले. "शिंद्यांच्या कंपूतली पलटणं कवायती, तोफा उत्तम. वेलस्ली बगलेवर आला तर अख्खी रांग वळवून उभी केली त्यांनी. ही काय गर्दीतली माणसं होती? म्हणून प्रत्येकाचा गणवेश बरोबर पाहिजे."

रंगाचं दुखणं वेगळं. पॉलिथिनवर काहीच धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने साच्याचं तेल धुवायचं, मग पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यायचा, त्यावर रंग. तरी बंदूक वाकली की रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

पण काकांना खरी धास्ती दुसरीच होती. त्यांनी तळाचा खण उघडला. आत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घडवलेली पहिली पलटण होती. ऊन आणि हवा खाऊन पॉलिथिन आतून तुटत जातं. जे कधी मऊ, वाकणारं होतं ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. आधी संगिनी गेल्या, मग बंदुका, मग घोट्यापासून पाय. खणात रंगीत चुरा सांडलेला होता: लाल डगल्यांचा, पांढऱ्या जांगियांचा. चोवीसांतले नऊ शिपाई उभे होते.

"धातूत का नाही ओतत?" मी विचारलं.

"ओतीन. पण साचा घ्यायचा तर अंगावर रबर चढवायला हवं, आणि ते सोलून काढताना हे तुटणार. नवे करतोय ते त्यासाठी. जुने आहेत तोवर बघून बघून."

मी खणावर वाकले.

"अगं, ओढणी सांभाळ," ते हळूच म्हणाले. "आणि जरा श्वास बाजूला सोड."