थंडीत फिरायला निघताय? पहाटेचा अंधार सोडा, कोवळं ऊन गाठा

दिवाळी सरली, ट्रंकेतली स्वेटरं आणि कानटोप्या बाहेर निघाल्या की छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर दरवर्षी एक नवी फौज दिसू लागते. पायात कोरे बूट, गळ्यात मफलर, हातात मोबाईल. कुणी हिमायतबागेकडे, कुणी विद्यापीठाच्या परिसरात, तर कुणी मकबऱ्याच्या रस्त्याला. माळ्यावर पडलेल्या सायकलीही याच दिवसांत पंक्चरवाल्याकडे पोहोचतात. दोन आठवडे सगळं जोरात चालतं. मग गारठा वाढतो, एकाला सर्दी होते, दुसऱ्याचा गुडघा धरतो आणि डिसेंबर निम्मा होईपर्यंत फौज पांगते.

आम्हीही त्याच फौजेतले. दरवर्षी सुरू करायचं आणि दरवर्षी सोडायचं. लोक याला आळस म्हणतात. आम्हीही तसंच समजत होतो. पण गेल्या वर्षी एक गोष्ट घडली आणि लक्षात आलं की आमचं चुकत होतं ते निघण्याच्या वेळेत.

आमच्यातल्या एकाचे अब्बू, वय चौसष्ट. बीपी आणि शुगर, दोन्ही सोबतीला. फजरची नमाज झाली की मशिदीतूनच परस्पर फिरायला निघायचे. बाहेर अजून अंधार, अंगावर पातळ कुर्ता, पोटात काही नाही. "सकाळची हवा म्हणजे औषध," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नोव्हेंबरअखेरच्या एका सकाळी चढावर त्यांची छाती जड झाली, दरदरून घाम फुटला. गॅस असेल म्हणून चहाच्या टपरीवर बसून राहिले. नशीब असं की टपरीवाल्याने घरी फोन केला. दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला नाही, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी त्यांना फिरणं बंद करा असं सांगितलं नाही. फक्त दोन प्रश्न विचारले. "किती वाजता निघता? निघण्याआधी काय करता?"

या दोन प्रश्नांची उत्तरं नीट समजून घेतली तर थंडीतलं फिरणं टिकतं आणि ते अंगावरही येत नाही.

दिवस लहान झालाय, घड्याळ तेच आहे

सप्टेंबरच्या शेवटी आपल्या शहरात सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो. नोव्हेंबरअखेर तोच पावणेसातला उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहालाच मावळतो. मुंबईत हे सगळं दहा मिनिटं उशिरा होतं, नागपुरात पंधरा मिनिटं आधी. पुढे डिसेंबरात संध्याकाळ हळूहळू लांबू लागते, पण सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत राहते. त्या वेळी आपल्याकडे सूर्योदय सातच्याही पुढे गेलेला असतो.

म्हणजे पावसाळ्यात साडेपाच-सहाला निघणारा माणूस थंडीतही त्याच वेळेला निघाला, तर तो उजेडात नाही, अंधारात चालत असतो. गार रस्ता, न दिसणारे खड्डे, मोकाट कुत्री आणि रात्रभर गाडी चालवून पेंगुळलेले ड्रायव्हर, सगळं एकाच वेळी समोर.

पहाटेची हवा खरंच शुद्ध असते का?

पावसाळ्यात असते. थंडीत बरेचदा नसते. कारण सोपं आहे. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते. ती वर जाते आणि धूर, धूळ आपल्यासोबत घेऊन जाते. थंडीतल्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते. त्यावर तुलनेने उबदार हवेचा थर येऊन बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. मग गाड्यांचा धूर, पेटवलेला कचरा, शेकोट्या, बांधकामाची धूळ हे सगळं त्या झाकणाखाली अडकतं. ऊन चढून जमीन तापली की झाकण सैल होतं आणि हवा मोकळी होऊ लागते.

म्हणून मोबाईलवर एकदा नजर टाकायची सवय लावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक दिसतो. आकडा १०० पर्यंत असेल तर निर्धास्त निघा. १०१ ते २०० मध्ये दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी जपून, थोडं हळू चालावं. २०० च्या वर गेला तर त्या दिवशी मोठ्या रस्त्याने सायकल दामटू नये. घरातच हातपाय हलवावेत किंवा ऊन वर येईपर्यंत थांबावं. एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही.

गारठ्यात हृदयावर ताण का येतो?

थंडी लागली की शरीर आतली ऊब वाचवायला त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. वाट अरुंद झाली की रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, बीपी वाढतो. झोपेतून उठल्यावरच्या पहिल्या काही तासांत बीपी तसाही चढता असतो. त्यात अंथरुणातून उठून थेट गारठ्यात भरभर चालायला लागलं, तर सगळा भार एकदमच पडतो. तरुण, धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला मात्र महागात पडू शकतं.

उपाय घरातच आहे. निघण्याआधी पाच-सात मिनिटं खांदे फिरवा, टाचा वर-खाली करा, अंगणात किंवा जिन्याखाली सावकाश चाला. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे घाला. अंग तापलं की वरचा काढून कमरेला बांधता येतो. कान आणि छाती झाका. थंडीत तहान कमी लागते, म्हणून थोडं पाणी पिऊनच निघा.

आणि हे घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, विनाकारण घाम, श्वास न पुरणं, यातलं काहीही झालं तर जागीच थांबायचं, बसायचं आणि १०८ ला फोन लावायचा. 'गॅस असेल' हे ठरवणं आपलं काम नाही, डॉक्टरांचं आहे.

मग निघायचं कधी?

या दिवसांत दोन वेळा सोयीच्या. पहिली, सूर्योदयानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, म्हणजे साधारण साडेसात ते नऊ. फजरनंतर घरी या, चहा-बिस्किट घ्या, अंग मोकळं करा आणि मग निघा. ज्यांना दुकान किंवा कामाची घाई आहे, त्यांच्यासाठी दुसरी वेळ असर आणि मगरिबच्या मधली. वर्षभरात ही संध्याकाळ सर्वांत लवकर याच दिवसांत मिटते, त्यामुळे 'जरा वेळाने निघू' म्हणालात की गेलीच. पण या वेळी दुपारचं ऊन जमिनीत मुरलेलं असतं, सांधे मोकळे झालेले असतात आणि हवाही पहाटेपेक्षा बरी असते. अंधार पडला की गाड्यांची गर्दी आणि धूर दोन्ही वाढतात. त्याआधी घरी परतलेलं बरं.

किती चालायचं?

'रोज दहा हजार पावलं' हा आकडा ऐकूनच अनेकजण हात टेकतात. हा आकडा आला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या पावलं मोजण्याच्या एका यंत्राच्या नावावरून. तो वैद्यकीय नियम नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. तेही एका दमात नको. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी हिशेबात धरले जातात.

मध्यम मेहनत ओळखायची कशी? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की तुम्ही त्या वेगात आहात. अगदीच वेळ नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गल्लीत फिरा. जेवणानंतर वाढणारी साखर त्याने आटोक्यात राहायला मदत होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. दिवसभर गल्ल्यावर बसणारे, शिलाई मशीनवर वाकलेले, रिक्षा चालवणारे आपले लोक त्यात आहेतच.

शुगरवाल्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर अगदी रिकाम्या पोटी लांब जाऊ नये आणि खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या दोन पुड्या ठेवाव्यात. हातपाय थरथरले, गरगरलं की लगेच तोंडात टाकायच्या. दुसरं म्हणजे चपला नकोत, मोज्यांसह बूट हवेत. थंडीत टाचा फाटतात, पायाला बधिरपणा असेल तर जखम कळत नाही. घरी आल्यावर तळवे बघायचे. औषधाची वेळ आणि फिरण्याची वेळ यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालायचा.

गुडघे बोलत असतील तर सायकल

सायकलीवर शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, त्यामुळे गुडघ्यांना चालण्यापेक्षा कमी त्रास होतो. पण सीट बरोबर हवी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला की उंची जमली. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखणारच, मग दोष सायकलीला. निघण्याआधी टायरमधली हवा, दोन्ही ब्रेक आणि घंटी तपासा. मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा आणि अंगावर फिकट रंगाचा कपडा. संध्याकाळच्या संधिप्रकाशात काळा जॅकेटवाला सायकलस्वार ट्रकवाल्याला दिसतच नाही. सुरुवातीची दहा मिनिटं सावकाश चालवा, कारण सायकलवर वारा लागतो आणि गारठा चालण्यापेक्षा जास्त बोचतो.

रस्त्याचा नियमही लक्षात ठेवा. सायकल डाव्या बाजूने, वाहनांच्या दिशेनेच. पायी चालताना फुटपाथ नसेल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला.

घरातल्या बायकांचं काय?

ही फौज बघितली तर तिच्यात पुरुषच जास्त. अम्मी, खाला, भाभी यांचं फिरणं 'घरात काय कमी चालणं होतं का?' या एका वाक्यावर थांबतं. घरकामात मेहनत आहे, नाकारत नाही. पण सलग अर्धा तास दम वाढेल अशी चाल त्यात क्वचितच होते. ऊनही मिळत नाही, आणि हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व त्वचेत उन्हामुळेच तयार होतं. सकाळच्या डब्यांची घाई संपल्यावर दहाच्या सुमारास शेजारच्या तिघी-चौघींनी मिळून निघावं. सोबत असली की भीती जाते आणि खंडही पडत नाही. बाहेर जमलंच नाही तर उन्हात गच्चीवर फेऱ्या माराव्यात. मात्र सकाळचा स्वयंपाक, मुलांची तयारी यातलं एखादं काम घरातल्या पुरुषांनी उचललं, तरच हा अर्धा तास निघेल. 'तू जा की' एवढं म्हणून तो निघत नाही.

मुलींच्या सायकलीचंही तसंच. शाळा सुटली की ती भिंतीला टेकून ठेवली जाते. ती चालू राहू द्या. बुरखा, ओढणी किंवा सैल सलवार असेल तर चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. ओढणी खांद्यावरून घेऊन मागे गाठ मारा. कपडा चेनमध्ये अडकून होणारे अपघात एवढ्याने टळतात.

वाट छान असली की पाय आपोआप निघतात

आपलं शहर दरवाजांचं. मकबऱ्यापासून बेगमपुऱ्यामार्गे पाणचक्कीपर्यंत चालत अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. फक्त दरवाजांच्या अरुंद तोंडाशी वाहनं अडकतात, तेव्हा ती वाट शाळा-ऑफिसच्या गर्दीत टाळा. दिल्ली गेटजवळचं सलीम अली सरोवरही याच दिवसांत बघण्यासारखं असतं, कारण दूरदेशीचे पाहुणे पक्षी थंडीत इकडे उतरतात. ज्यांच्या नावाने हे सरोवर आहे, त्या पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबरचा. त्यांच्या आणि मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसांची आठवण म्हणून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पोरांना सोबत घ्या. पक्षी मोजता मोजता त्यांची दोन किलोमीटर चाल कधी झाली, त्यांनाही कळणार नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे आठनंतर बाहेर पाय ठेववत नाही, पावसात चिखल. वर्षभरात सवय लावायला हेच अडीच-तीन महिने आहेत. ते पहाटेच्या अंधारात आणि एका आठवड्याच्या उत्साहात घालवू नका.

आमच्यातल्या एकाचे अब्बू आजही फिरतात. डॉक्टरांनी परवानगी दिली तेवढंच, सपाट रस्त्याने, साडेसातला. फजरनंतर घरी येतात, अम्मीसोबत चहा घेतात. आता अम्मीही सोबत निघतात. सकाळची हवा औषध असते, हे त्यांचं वाक्य अजून तेच आहे. फक्त पुढे एक शब्द जोडलाय, "उन्हातली."