कलम केलेली किडनी आणि कोरोना



आंब्याचे कलम कसे बांधतात हे आपल्या पेडण्यात कोणाला सांगायला नको. रायवळच्या रोपावर मानकुरादची काडी नीट बांधली की दोन्ही जुळतात आणि पुढे एकच झाड वाढते. माणसाच्या शरीराचे तसे नाही. दुसऱ्याचे मूत्रपिंड, म्हणजे किडनी, बसवली की शरीरातले रक्षक तिला शत्रू समजून तिच्यावर तुटून पडतात. किडनी बदललेल्या माणसाला कोरोनाचे भय अधिक का, याचे उत्तर याच गोष्टीत आहे.

दोन्ही किडन्या निकामी झाल्या म्हणजे रक्तातली घाण बाहेर पडत नाही. मग वरचेवर डायलिसिस करावे लागते, किंवा दात्याची एक किडनी ओटीपोटात बसवावी लागते. १९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांना यात प्रथम यश आले. दाता व रोगी एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने ती किडनी आपलीच मानली. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे साधले. अवयवदानाचा १९९४ चा कायदा ज्या राज्यांना सर्वांआधी लागू झाला, त्यांत आपला गोवाही होता.

जुळा भाऊ सर्वांना नसतो. म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशी औषधे नवी किडनी चालते तोवर रोज घ्यावी लागतात. ही औषधे शरीराच्या रक्षकांना मुद्दाम अर्धवट झोपवून ठेवतात. त्यामुळे किडनी वाचते. पण राखणदार पेंगला की शेतात रानडुकरे शिरतात, तसे बाहेरच्या रोगजंतूंचे फावते.

२०२० च्या मार्च ते सप्टेंबर या काळात आपल्या देशातील १२ केंद्रांत किडनी बदललेल्या २५० कोरोनाग्रस्तांची नोंद ठेवण्यात आली. त्यांतले २९ दगावले, म्हणजे शंभरात साडेअकराच्या वर. अतिदक्षता विभागात न्यावे लागलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. लशीचेही तसेच. अमेरिकेत २०२१ साली अवयव बदललेल्या ६५८ जणांना तपासले, तेव्हा दोन डोस घेऊनही केवळ ५४ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे दिसली. म्हणून लस व्यर्थ असे समजू नये. अशा माणसांना जादा डोस लागतात, एवढाच त्याचा अर्थ. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, पण विषाणू गेलेला नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे उकळले गेले, आणि ती सवय अजून आहे. किडनी बदललेल्या माणसाला मायेपोटी असा काढा देऊ नये. डॉक्टर जे रक्षक झोपवू पाहतात, त्यांनाच आपण जागे करायला निघालो, असे ते होईल. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे; मग ज्याचे शरीर आधीच नाजूक, त्याने किती जपावे!

रोग्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१. बारीक ताप, खोकला, जुलाब किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी आपल्या किडनीच्या डॉक्टरांना कळवावे.

२. किडनीची औषधे स्वतःहून बंद करू नयेत, वाढवूही नयेत. कोरोनात काही गोळ्या कमी कराव्या लागतात, पण कोणत्या व किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

३. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या घेऊ नयेत. त्या किडनीला मारक आहेत.

४. कोरोनावरील पॅक्सलोविड या औषधाने रक्तातील टॅक्रोलिमस धोकादायक प्रमाणात वाढते. म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची यादी बरोबर न्यावी.

परंतु सगळा भार रोग्यावर टाकून चालणार नाही. ज्याचा स्वतःचा राखणदार पेंगुळलेला आहे, त्याची राखण शेजाऱ्यांनी करायची असते. घरातील इतरांनी लस घ्यावी. सर्दी-खोकला असताना त्याच्या समाचाराला जाऊ नये. गेलेच पाहिजे तर मास्क लावून अंगणातच बसावे. लावणी-कापणीच्या दिवसांत त्याला गर्दीच्या टेंपोत कोंबू नये, आणि त्याच्या वाट्याच्या कामाला दुसऱ्या कोणी हात लावावा. तो फेस्ताला आला नाही, मिस्साला मागच्या दाराशी उभा राहिला, शांतीच्या वेळी हात न मिळवता नमस्कार केला, तर त्याला गर्विष्ठ म्हणू नये. आजाऱ्याला रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून ख्रिस्तसभेने मोकळीक दिली आहे. त्याने निरोप पाठवावा. कम्युनियन त्याच्या घरी नेता येते. आणि ज्याला ताप-खोकला आहे त्यानेही घरीच राहावे, हाही शेजारधर्मच होय.

संत पौलाने ख्रिस्तसभेला शरीराची उपमा दिली आणि दुबळ्या अवयवांनाच अधिक जपावे असे शिकवले. कोणा आईने, कोणा पत्नीने आपली एक किडनी काढून दिलेली असते. ते दान एखाद्याच्या बेफिकीर खोकल्याने वाया जाऊ नये, एवढे आपल्या वाड्यावाड्यावर पाळले तरी पुष्कळ झाले.